फळ्यावरची वेळ

६ जानेवारी

ताई, नमस्कार.

आधी बसा आणि मग वाचा. मी लग्न करतेय.

होय, मीच. चव्वेचाळिसाव्या वर्षी, दोन्ही गुडघे कुरकुरत असताना. आणि नुसतं लग्न नाही, पळून जाऊन! हसलात ना? हसा. मीही आठवडाभर हसतेय. कामावर प्लॅस्टर घोळता घोळता मध्येच हसू फुटतं आणि साच्यात बुडबुडे राहतात. काल एका आजोबांची खालची कवळी त्यापायी पुन्हा करावी लागली.

तो लिफ्ट दुरुस्त करतो. मागच्या वर्षी कवळ्यांच्या अकरा जोड्यांचा ट्रे हातात घेऊन मी आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये अडकले. चांगला पाऊण तास. तेवढ्यात वरच्या झडपेतून एक तोंड डोकावलं आणि म्हणालं, "आत किती जण?" मी म्हटलं, "मी एकटीच, पण दात पुष्कळ आहेत." तिथेच जमलं म्हणा ना.

त्याच्या दोन बहिणी आहेत. त्यांनी हॉल बघून ठेवलाय आणि चारशे माणसांची यादी केलीय. माझ्या दादाने तर "या वयात शोभतं का" म्हणून तोंडच फिरवलंय. म्हणून आम्ही ठरवलं, कुणाला काही सांगायचं नाही. दोन पिशव्या भरायच्या, बोटीत बसायचं आणि तुमच्या बेटावर यायचं. अनवाणी वाळूत उभं राहायचं, दोन साक्षीदार, दोन सह्या, मग नारळाच्या झाडाखाली पाय पसरून पडायचं. घाई नाही, थाट नाही, रुसवेफुगवे नाहीत.

ताई, तुम्हाला वाईट वाटेल का, या विचाराने हे पत्र तीनदा फाडलं. तुमचा धाकटा भाऊ जाऊन नऊ वर्षं झाली. पण तुमची भावजय मी अजून आहेच, आणि माझं म्हणावं असं माणूस तुम्हीच. एक सांगते, हा वेळेचा भारी पक्का आहे. तुमच्या धाकट्यासारखा नाही. त्या उशिराच्या खोडीने त्याचा घात केला आणि माझाही. आता घड्याळ बघणारा माणूस हवा होता मला.

तुमची,
ठमी

१३ जानेवारी

प्रिय ठमे, अनेक आशीर्वाद.

बसूनच वाचलं. मग उठून कचेरीच्या व्हरांड्यात दोन फेऱ्या मारल्या आणि पुन्हा वाचलं. वाईट कशाला वाटेल गं? तू एकटी जेवतेस हे डोळ्यांपुढे आलं की माझा घास अडकतो. ये. खुशाल पळून ये. पळताना गुडघे तेवढे सांभाळ.

लग्न नोंदवणारे माझ्या शेजारच्याच खिडकीत बसतात. त्यांना मी सांगून ठेवलंय. वरची खोली झाडून घेते, समुद्राकडची खिडकी अडकते ती सुताराकडून करून घेते. साक्षीदार म्हणून एक मी आणि दुसरा बोटीचा तांडेल. तो कुणाच्याही लग्नात रडतो, तेवढं चालवून घे.

माझं काम तेच. भरतीचं पुस्तक उघडायचं, ओहोटीची वेळ बघायची आणि धक्क्यावरच्या फळ्यावर खडूने लिहायची. हल्ली लिहून झाल्यावर तीनदा तपासते. लोक हसतात, म्हणतात म्हातारीला आता दिसत नाही.

एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे दचकणार नाहीस. धाकट्याच्या चपला अजून कचेरीच्या दाराशी आहेत. वाळूत उतरताना त्याने काढून ठेवल्या होत्या, तशाच. मला त्या उचलवत नाहीत. नवीन माणसं चपला बघून बाहेरूनच विचारतात, आत कोणी आहे का. मी म्हणते, आहे.

तुझी,
ताई

२० जानेवारी

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र वाचून इतकं हलकं वाटलं की काय सांगू. पण एक घोळ झालाय.

काल यांनी हत्यारांच्या पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला. जुन्या कॅलेंडरचं पान. घड्यांवर पार विरलेलं. म्हणाले, "लग्न बेटावर करायचंच आहे तर इथे करू. कित्येक वर्षं हे पान घेऊन फिरतोय." बघते तर निळ्या पाण्याच्या मधोमध वाळूचा पांढरा पट्टा, आणि टोकाला तो खडक. तुमच्याच बेटाचा पट्टा, ताई. ओहोटीला दीड-दोन तासांसाठी उघडा पडतो तो.

नवरा समुद्रात गेला एवढं यांना माहीत आहे. कुठे, ते मी कधी सांगितलं नाही. यांनीही खोदून विचारलं नाही. मी पान हातात धरून बसले आणि तोंडातून निघून गेलं, "छान आहे. इथेच करू."

का म्हटलं, मलाच कळत नाही. पण रात्रभर विचार केला, बरंच झालं. त्या सकाळी मी त्याच्याबरोबर त्या वाळूवर गेले नाही. एकदा तरी जाऊन उभी राहीन. लग्न सतरा मार्चला. त्या दिवशी सकाळी ओहोटी किती वाजता, आणि परत कधी फिरायचं, तेवढं कळवा. बाकी सगळं ठरलंय.

ठमी

३ फेब्रुवारी

प्रिय ठमे, आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. सुतार आला होता, खिडकी आता उघडते.

पट्ट्याचं म्हणतेस, पण तिथे वारा फार. नोंदवहीची पानं उडतील. त्यापेक्षा धक्क्याच्या उजव्या हाताला छोटा किनारा आहे. सावली आहे, खुर्च्या ठेवता येतात, मलाही दगडांवरून चालावं लागणार नाही. नाहीतर आमच्या कचेरीचा व्हरांडा काय वाईट आहे? तिथूनही समुद्रच दिसतो.

तांडेलाने नवा शर्ट शिवायला टाकलाय. खोलीत दोन उशा पुरतील की चार?

ताई

९ फेब्रुवारी

ताई,

उशा दोन पुरतील. पण मी वेळ विचारली होती. तुम्ही उशा, वारा, तांडेलाचा शर्ट, सगळं लिहिलंत आणि तेवढीच एक गोष्ट लिहिली नाहीत. मी काही दूधखुळी नाही, ताई. तुम्हाला हे लग्न पटत नाहीये. तोंडाने या म्हणता, पण धाकटा जिथे गेला तिथे मी दुसऱ्याचा हात धरून उभी राहायची, हे तुम्हाला बघवणार नाही. तसं असेल तर स्पष्ट सांगा. मी रागावणार नाही.

तुम्हाला वाटत असेल, हिला काही वाटतच नाही. म्हणून आज सांगते, जे कुणालाच सांगितलं नाही. त्या सकाळी तो माझ्या पलंगाच्या कडेला येऊन बसला होता. म्हणाला, "चल ना, आठला ओहोटी आहे, पावणेनऊपर्यंत फिरून येऊ." मी आदल्या दिवशीच्या बोटीने मळमळून पडले होते, चिडचिड होत होती. म्हटलं, "तुझी वेळ आणि खरी वेळ जन्मात कधी जुळलीय का? जा, एकदाचा जा, मला झोपू दे." तो हसला आणि गेला.

नंतर बंदरावरचे साहेब म्हणाले, ओहोटी सात दहाला होती. म्हणजे नेहमीसारखाच त्याने घोळ घातला होता. मी उठले असते तर तुम्हाला विचारलं असतं, घड्याळ बघितलं असतं. मी कूस बदलली. तेच माझे त्याच्याशी शेवटचे शब्द, ताई. एकदाचा जा. रोज दातांना मेण लावताना ते मला ऐकू येतात. नऊ वर्षं.

आता सांगा, वेळ कळवणार की नाही?

ठमी

१६ फेब्रुवारी

ठमे,

तुझं पत्र घेऊन दोन दिवस बसले. आता लिहिते. पुरं वाच, मध्येच फाडू नकोस.

त्याने घोळ घातला नव्हता. फळ्यावर आठच लिहिलं होतं. मी लिहिलं होतं.

माझी पद्धत अशी. संध्याकाळी घरी निघण्याआधी दुसऱ्या दिवशीची वेळ फळ्यावर लिहून ठेवायची, म्हणजे सकाळी लवकर वाळूवर जाणाऱ्यांना ती मिळते. पुस्तकात त्या ओळीपुढे पेन्सिलने खूण करायची. दुसऱ्या संध्याकाळी शेवटची खूण बघायची आणि तिच्या खालची ओळ फळ्यावर उतरवायची. तारीख वाचायची गरजच पडत नाही. सतरा वर्षं अशीच गेली होती, एक दिवस चुकले नव्हते.

तुम्ही येणार त्या दिवशी मला कोण आनंद! बोट तीनची होती, मला लवकर सुटायचं होतं, म्हणून दुपारीच दुसऱ्या दिवशीची वेळ लिहिली आणि खूण केली. पण बोट आली संध्याकाळी. धाकटा लांबूनच "ताई, भूक लागली" म्हणून ओरडत होता. मी पिशवी घ्यायला आत पळाले. कचेरी बंद करायची वेळ झालेली. हाताने सवयीने पुस्तक उघडलं, शेवटची खूण बघितली, फळा पुसला, खालची ओळ लिहिली आणि पुन्हा खूण केली. ती परवाची वेळ होती. ओहोटी रोज जवळजवळ पाऊण-एक तास पुढे सरकते, तुला ठाऊक आहे. सात दहाच्या जागी आठ झाले. आठच्या आत परत यायला हवं होतं, तिथे पावणेनऊ झाले.

दुसऱ्या दिवशी साडेआठला कचेरी उघडली. समोर बघितलं तर पाणी पट्ट्यावर चढलेलं. तो मधोमध होता. गुडघाभर पाण्यात. माझ्याकडे बघून हात हलवत होता, ठमे, मजेत, जणू काही झालंच नाही. मी फळ्याकडे बघितलं आणि सगळं कळलं.

दाराशी घंटा आहे. ती वाजवली की तांडेल होडी काढतो. मी वाजवली. पण घंटेच्या आधी मी काय केलं, माहीत आहे? फळा पुसला. पुसून सात दहा लिहिलं. मग घंटा वाजवली. अर्धं मिनिट गेलं असेल, नाहीतर एक. होडी पोचेपर्यंत पाण्याच्या ओढीने त्याला नेलं होतं. त्या अर्ध्या मिनिटाने तो वाचला असता का, मला माहीत नाही. रोज मी ते अर्धं मिनिट मोजते. कधी तो वाचतो, कधी नाही.

साहेब म्हणाले, उशीर केला बिचाऱ्याने. मी मान हलवली. तू माझ्या कुशीत रडत म्हणालीस, त्याची ती खोड. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला आणि गप्प बसले.

पावणेनऊला परत यायचं होतं आणि साडेआठला तो निम्म्या वाटेवर होता. ठमे, त्या दिवशी तो वेळेच्या आधी निघाला होता.

आणि तो येतो. मला वेड लागलं म्हण. सकाळी फळ्यासमोर चार माणसं उभी असतात, त्यांत पाचवा तो असतो. अनवाणी. उन्हाला हात आडवा धरून वेळ वाचतो आणि माझ्याकडे वळून बघतो. "बरोबर ना, ताई?" असं विचारल्यासारखा. बोलत मात्र नाही. नऊ वर्षांत मी त्याला उत्तर दिलेलं नाही.

म्हणून तुला वेळ कळवली नाही. लग्न न पटण्याचा काही संबंध नाही गं. तुझ्या माणसाला त्या वाळूवर मी कोणत्या हाताने पाठवू?

ताई

२ मार्च

ताईंना नमस्कार.

मी तो लिफ्टवाला. आपली ओळख नाही, तिला विचारून लिहीत नाहीये, माफ करा.

तुमचं पत्र आल्यावर ती दोन दिवस कामावर गेली नाही. तिसऱ्या दिवशी तिने पत्र माझ्यापुढे टाकलं. सगळं वाचलं. कॅलेंडरचं ते पान मी फाडायला घेतलं, तर म्हणाली, ठेव. तेवढा एकच शब्द.

मी तिला काही समजवायला गेलो नाही. मला तेवढी अक्कल नाही. मला फक्त माझं काम समजतं, तेच तुम्हाला सांगतो. लिफ्टच्या खड्ड्यात एक जण उतरतो आणि दुसरा वर बटणापाशी उभा असतो. खालचा ओरडतो, "बंद कर." वरचा बटण बंद करतो आणि ओरडतो, "बंद केलं." ते ऐकू आल्याशिवाय खालचा कशालाही हात लावत नाही. हुशार माणसाला पण लावू देत नाहीत. कारण हात सवयीने चालतात, माझेही चालतात.

तुम्हाला इतकी वर्षं असं परत म्हणून दाखवणारं कोणीच नव्हतं. एवढंच म्हणायचं होतं. फळा पुसलात त्याबद्दल मी बोलणार नाही, ते तिचं आहे.

तुमचा,
लिफ्टवाला

६ मार्च

ताई,

यांनी तुम्हाला लिहिलं ते मला कळलं. यांचा स्वभाव मऊ आहे. माझा नाही.

मी तुम्हाला दरवर्षी त्या तारखेला पत्र लिहायचे. दरवर्षी त्यात हेच असायचं, की त्याने उशीर केला आणि मी झोपून राहिले. आणि दरवर्षी तुम्ही लिहायचात, सावर स्वतःला. सावर! खरं लिहायला तुमचा हात कसा उचलला नाही, ताई? एक ओळ पुरली असती. मी नऊ वर्षं त्या माणसाची थट्टा केली. दुकानात, शेजारी, कुणी वेळेवर आलं नाही की म्हणायचे, आमच्याकडे एक होते, उशीर करून जिवाला मुकले. लोक हळहळायचे आणि मी मान हलवायचे. तो वेळेच्या आधीच निघाला होता. हे शब्द मी आता कुणाकुणाकडून परत घेऊ?

चूक माणसाकडून होते, दोन खुणा माझ्याही हातून झाल्या असत्या. पण फळा पुसलात, त्याचं मी काय करू? माफ केलं, असं लिहायला तीनदा बसले. हात पुढे जात नाही. म्हणून लिहीत नाही.

पण लग्न तिथेच होईल. पट्ट्यावर. सतरा तारखेला. हे म्हणाले, दुसऱ्या बंदरातून वेळ मागवू. मी नाही म्हटलं. वेळ तुम्हीच लिहायची, तुमच्याच हाताने. मी ती तुम्हाला परत म्हणून दाखवेन.

आणि तो येतो म्हणता ना फळ्यासमोर? इतकी वर्षं तुम्ही त्याच्यापुढे मान खाली घालून बसलात. आता घालू नका. त्याला माझ्याकडून सांगा, तू वेळेवर होतास. मी म्हटलंय म्हणून सांगा.

ठमी

१० मार्च

ठमे,

सतरा मार्च. ओहोटी सकाळी सात वाजून पंचवीस मिनिटांनी. सव्वाआठच्या आत धक्क्यावर परत.

पुस्तकात तारीख बोट ठेवून वाचली. लग्न नोंदवणाऱ्यांना वाचायला लावली. तांडेलालाही लावली, तो विनाकारण रडला. घंटा मी पावणेआठला वाजवीन.

ताई

१३ मार्च

ओहोटी सात पंचवीस. सव्वाआठच्या आत परत. घंटा पावणेआठला.

ठमी

२२ मार्च

प्रिय ठमे,

नीट पोचलात, असं तांडेलाकडून कळलं. तुझ्या माणसाच्या बहिणींना अजून सांगितलं की नाही? सांगून टाका, नाहीतर त्या हॉलचं आमंत्रण तुम्हालाच येईल.

तू माझ्याशी बोलली नाहीस, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. सकाळी आलीस, फळ्यासमोर उभी राहिलीस, वेळ मोठ्याने वाचलीस आणि वाळूत उतरलीस. तुझ्या माणसाने मात्र जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवला. तेवढ्याने मला रडू फुटलं, तांडेलाला सोबत मिळाली.

तुम्हाला वाळूवर सोडून, सह्या घेऊन आम्ही तिघं आधी परतलो ते घंटेसाठी. दोघं त्या टोकाला उभे होतात, छोटे छोटे दिसत होतात. मी दोरीला हात लावून उभी होते, डोळा घड्याळावर. पावणेआठला वाजवली. तुम्ही लगेच फिरलात. आठ वाजता धक्क्यावर होतात, पाणी अजून कितीतरी लांब होतं. इतकी वर्षं मी माणसांना परत येताना बघते, पण त्या सकाळी पहिल्यांदा मला नीट श्वास घेता आला.

घंटेआधी एक गोष्ट झाली, ती सांगायची राहिली. तो आला होता. फळ्यासमोर, हात आडवा धरून. वाचून झाल्यावर माझ्याकडे वळला. या वेळी मी मान खाली घातली नाही. म्हटलं, "ठमीने सांगितलंय, तू वेळेवर होतास. चूक माझी होती. फळा मी पुसला." मोठ्याने म्हटलं, लग्न नोंदवणारे चमकून बघायला लागले. तो हसला. भुकेला असला की हसायचा, तसं. मग मी घंटेकडे वळले.

त्यानंतर तो दिसलेला नाही. पाच दिवस झाले.

आणि दाराशी चपला नाहीत. तुम्ही बोटीत चढलात, मी कचेरीत परत आले, तर जागा रिकामी. लादीवर नऊ वर्षांच्या धुळीत दोन पावलांएवढे स्वच्छ ठसे तेवढे राहिलेत. नोंदवणाऱ्यांना विचारलं, झाडणाऱ्या बाईंना विचारलं, तांडेलाने धक्का पालथा घातला. कुणी उचलल्या नाहीत.

तू नेल्या असशील तर दोन ओळी लिही. माझी काही हरकत नाही, तुझाच हक्क आहे त्यांवर. नेल्या नसशील तर काहीच लिहू नकोस, मला कळेल, तोच घालून गेला. पत्रांची बोट मंगळवारी येते आणि शनिवारी. मी धक्क्यावर असेन.

तुझी,
ताई